राजा आली

पहिला दिवस : कैरो

तीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासली की डोळ्यांना खोड लागते. देवळात गेलं तरी आधी पाटीवरचं ऱ्हस्व-दीर्घ दिसतं, मग देव. भाचीला इजिप्तमध्ये पिरॅमिड बघायचे होते आणि मला व्याकरणाची एक चूक बघायची होती.

त्या चुकीची गोष्ट अशी. चित्रलिपी उलगडणारा शांपोलियाँ १८२९ साली नाईलच्या पश्चिम काठावर देर अल-बाहरीच्या पडक्या देवळात पोचला. लिपीचं कोडं सुटून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. भिंतीवर एक दाढीवाला राजा होता, पोशाख आणि थाट सगळा राजाचा. मजकुरात मात्र त्याच राजाची नामं आणि क्रियापदं स्त्रीलिंगी. शांपोलियाँने राजाचं नाव काहीतरी ‘अमेनेन्थे’ असं वाचलं आणि आपलं आश्चर्य लिहून ठेवलं. मराठीत सांगायचं तर त्या भिंतीवर लिहिलं होतं, ‘राजा आली’. ही राजा म्हणजे हात्शेपसुत.

हे वाचल्या दिवसापासून ती भिंत माझ्या डोक्यात होती. कर्त्याचं लिंग बदललं तरी ज्या भाषेत क्रियापद हलत नाही, त्या भाषेत ही मजा निम्मीच कळणार. आपल्याला ती पूर्ण कळते, कारण आपलं क्रियापद चुगलखोर आहे. ‘आलो’ की ‘आले’, एवढ्यावरून फोनवरचं माणूस ओळखता येतं.

आज तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयात गेलो. गुलाबी इमारत, १९०२ सालची. आत पुतळे असे दाटीवाटीने उभे की जुन्या वाड्याच्या माळ्यावर आल्यासारखं वाटलं. आमची गाइड तिशीतली मुलगी, बोलण्यात तरबेज. म्हणाली, ‘‘मॅडम, नाव लक्षात राहत नसेल तर पटकन ‘हॉट चिकन सूप’ म्हणा. हात्शेपसुत!’’ हा विनोद इथले सगळेच गाइड करतात, हे पुढच्या आठवड्यात कळलं. मी शाकाहारी असल्याचं भाचीने तिला लगेच सांगून टाकलं.

हात्शेपसुतचा चुनखडीचा मोठा मुखवटा, म्हणजे पुतळ्याचं उरलेलं डोकं, इथे आहे. तांबूस रंगवलेला चेहरा, हनुवटीला बांधलेली दाढी आणि तरीही निमुळती, नाजूक हनुवटी. इजिप्तच्या चित्रकलेत पुरुष तांबूस रंगवायचे आणि बायका पिवळट. म्हणजे रंग आणि दाढी पुरुषाची, चेहरा बाईचा. शेजारच्या दालनात तिचाच एक स्फिंक्स बसलाय, सिंहाची आयाळ आणि आयाळीतून डोकावणारा तोच चेहरा.

गाइडने तिचं आयुष्य पाच मिनिटांत सांगितलं. पहिल्या थुतमोसची मुलगी. लग्न सावत्र भावाशी, दुसऱ्या थुतमोसशी. राजघराण्यात तशी पद्धतच होती. एक मुलगी, नेफेरुरे. नवरा लवकर गेला. गादीचा वारस म्हणजे त्याला दुसऱ्या बायकोपासून झालेला मुलगा, तिसरा थुतमोस, अगदी लहान. म्हणून हात्शेपसुत त्याच्या वतीने कारभार पाहू लागली, आणि सातव्या वर्षापर्यंत स्वतःच राजा झाली. मुकुट, दाढी, कार्तूशमधलं (म्हणजे राजाच्या नावाभोवतीच्या लंबगोल चौकटीतलं) राज्याभिषेकाचं नाव ‘माआतकारे’, सगळं. इ.स.पू. १४७९ ते १४५८ च्या सुमाराचा हा काळ. मुलाला तिने मारलं नाही की हाकललंही नाही. राज्याची वर्षंसुद्धा त्याच्याच कारकिर्दीपासून मोजत राहिली. तो मोठा झाला, सैन्यात तयार झाला आणि तिच्यानंतर मोठा विजेता म्हणून गाजला.

मग गाइडने मला ‘चूक’ कशी ओळखायची ते शिकवलं. स्त्रीलिंगी नामाच्या शेवटी ‘त’ येतो, आणि ‘त’ची खूण म्हणजे पावाचा छोटा गोल तुकडा. दिसायला पालथी वाटी. बदक आणि शेजारी सूर्याचा गोल म्हणजे ‘रा देवाचा पुत्र’, ही राजाची पदवी. बदकाजवळ पालथी वाटी आली की ‘रा देवाची कन्या’.

वहीत वाटी काढून घेतली. रात्री जेवताना फुलाच्या उसळीबरोबर टम्म फुगलेली भाकरी आली. (फुल म्हणजे इथला बाकला, फुलांशी संबंध नाही.) तिला काय म्हणता, असं वेटरला विचारलं तर म्हणाला, ‘ऐश’. इजिप्शियन अरबीत भाकरीला ‘ऐश’च म्हणतात, मूळ अर्थ जगणं. आपण पैसे उधळतो ती ऐशही मुळात हीच.

दुसरा दिवस : कैरो, आणि रात्रीची गाडी

फुस्तातच्या नव्या संग्रहालयात राजांच्या ममी ठेवल्या आहेत. ३ एप्रिल २०२१ ला तहरीर चौकातून २२ ममी मिरवणुकीने इथे आणल्या, अठरा राजे आणि चार राण्या. त्या मोजणीत हात्शेपसुत राण्यांमध्ये. मला लगेच पेन्सिल काढावीशी वाटली.

दालन तळघरात आहे. अंधार, थंडी, फोटोला बंदी. काचेखाली एक बुटकी, जाड बाई, डावा हात छातीवर दुमडलेला. वय पन्नाशीच्या आसपास, दात किडलेले. ही ममी राजांच्या दरीतल्या एका साध्याशा थडग्यात जमिनीवर पडलेली होती. तिच्या नावाच्या लाकडी पेटीत एक दाढ मिळाली आणि त्या दाढेच्या आधाराने २००७ मध्ये ‘हीच ती’ असं जाहीर झालं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. मी मात्र काचेपाशी उभी होते तोवर पटवून घेतलं. राजा असो की कोण, दाढदुखी कुणाला चुकली नाही.

भाची म्हणाली, ‘‘मावशी, पुतळ्यांत किती सडपातळ आहे ना ही!’’ मी म्हटलं, ‘‘माझा आधारकार्डावरचा फोटो आठव, आणि लग्नातला आठव.’’

रात्रीच्या गाडीने आस्वानकडे. झोप बेताचीच. पहाटे खिडकीबाहेर ऊस, खजुरी, गाढवं आणि त्यांच्यामागे लगेच सुरू होणारं वाळवंट. हिरवळीची पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद की तिच्या दोन्ही कडा एकाच नजरेत मावतात.

तिसरा दिवस : आस्वान

लोक इथून अबू सिंबेलला जातात. आम्ही दगडाच्या खाणीत गेलो. रिक्षावाल्यानेसुद्धा दोनदा विचारून खात्री करून घेतली.

खाणीत एक ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी दगडी स्तंभ, आडवा पडलाय. तीन बाजूंनी सुटलेला, चौथ्या बाजूने अजून डोंगराला चिकटलेला. लांबी सुमारे ४२ मीटर, वजन अकराशे टनांच्या आसपास. उभा राहिला असता तर त्या काळातला सगळ्यात मोठा ठरला असता. काम चालू असताना दगडाला तडे गेले आणि सगळं तिथेच सोडून दिलं. हा हात्शेपसुतच्या काळातला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आस्वानचा तांबडा ग्रॅनाइट तांब्याच्या छिन्नीला दाद देत नाही. म्हणून डोलेराइटचे गोल धोंडे हातात घेऊन दगड कुटायचे. कापायचा नाही, चिरायचा नाही, फक्त कुटायचा. मिठाच्या खड्यावर वरवंटा आपटावा तसा. ओबेलिस्कच्या दोन्ही अंगांना त्या कुटण्याने पडलेल्या खळग्यांच्या रांगा आहेत. एकेका खळग्यात एक माणूस उकिडवा बसेल एवढीच जागा. मी उतारावरून खाली वाकून पाहिलं. समोर दगड, पाठीशी दगड, डोक्यावर ऊन. जानेवारीतसुद्धा दगड तापलेला होता.

पहारेकऱ्याने एक धोंडा भाचीच्या हातात दिला, अर्थात बक्षिशीच्या आशेने. तिने पाच-सहा घाव घातले. चिमूटभर पूड निघाली आणि मनगट भरून आलं.

लक्झरला कर्नाकच्या देवळात हात्शेपसुतने ओबेलिस्कची जी जोडी उभी केली, तिच्या पायथ्याशी कोरलंय की खाणीतलं काम सात महिन्यांत झालं, पंधराव्या वर्षी सुरू आणि सोळाव्या वर्षी पूर्ण. तो धोंडा उचलायच्या आधी मला ते सात महिने म्हणजे कंत्राटाची मुदत वाटत होती. किती माणसं होती, किती मनगटं गेली, ते कुठेच कोरलेलं नाही. राणीच्या प्रेमात पडून मी एवढी आले खरी, पण त्या खळग्यापाशी माझं प्रेम जरा आटलं.

चौथा दिवस : आस्वान ते लक्झर

दोनशेहून जास्त किलोमीटर, गाडीने. वाटेत कोम ओम्बो आणि एडफू ही देवळं. दोन्ही हात्शेपसुतनंतर हजारेक वर्षांनी बांधलेली, ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या काळातली. सुंदर आहेत. पण भाचीला आदल्या दिवशीचा उसाचा रस बाधला होता. त्यामुळे एडफूच्या देवळापेक्षा तिथलं स्वच्छतागृह आम्ही बारकाईने पाहिलं. संध्याकाळी लक्झर. लिंबू, मीठ, साखर, पाणी. भाची झोपली, मी नाईल बघत बसले.

पाचवा दिवस : कर्नाक

इथला गाइड वयस्कर, उन्हाने रापलेला, घाई न करणारा. ‘राजा आली’ची गोष्ट त्याला मोडक्या इंग्रजीत समजावली, तर मोठ्याने हसला. अरबीतही क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, त्यामुळे त्याला गंमत लगेच कळली. दिवसभर मग तो मुद्दाम म्हणत राहिला, ‘‘द किंग, शी केम!’’

कर्नाक म्हणजे एक देऊळ नाही, दीड-दोन हजार वर्षं चाललेलं बांधकाम आहे. प्रत्येक राजाने आपला तुकडा जोडला आणि काहींनी आधीच्याचा पाडून भर म्हणून वापरला. चौथ्या आणि पाचव्या प्रवेशद्वारांच्या मध्ये हात्शेपसुतचा ओबेलिस्क उभा आहे. सुमारे २९.५ मीटर उंच, तीनशे टनांहून जास्त वजन, एकसंध. जवळच तिच्या वडिलांचा, त्याहून बुटका. बापाच्या दालनाचं छप्पर काढून लेकीने आत स्वतःचा जोड बसवला. बापावर माया म्हणावी की कुरघोडी, दोन्ही म्हणता येईल.

ओबेलिस्ककडे नीट पाहिलं तर खालचा भाग आणि वरचा भाग यांच्या रंगात फरक दिसतो. पुढे तिसऱ्या थुतमोसच्या काळात त्याभोवती भिंत घातली, म्हणून खालचा भाग उन्हावाऱ्यापासून वाचला. लपवायला घातलेल्या भिंतीने अक्षरं जपली.

पायथ्याचा मजकूर गाइडने अर्थ लावत सांगितला. एरवी राजांचे शिलालेख म्हणजे जाहीरनामे. मी असा, मी तसा, शत्रू चिरडले. इथे राजा म्हणते की माझं मन आत-बाहेर होतंय, पुढच्या वर्षांत हे पाहणारे लोक काय म्हणतील या विचाराने. आणि लगेच शपथ घेऊन सांगते की ऐकणाऱ्याने ही बढाई समजू नये, ‘तिला शोभेल असंच केलं तिने’ असं म्हणावं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ती काळजी कुठल्याही लेखकाच्या पत्रात सापडेल, पहिलं पुस्तक छापायला टाकल्यावरच्या.

जोडीतला दुसरा ओबेलिस्क पडला. त्याचं टोक पवित्र तळ्याकाठी आडवं ठेवलंय. आमुन देवापुढे गुडघे टेकलेली हात्शेपसुत आणि तिच्या मुकुटाला लागलेला देवाचा हात. आडवं असल्याने ही एकच गोष्ट मान न मोडता वाचता आली.

आतल्या खोल्यांत मात्र पोटात गोळा आला. दोन्ही बाजूंना देव उभे, हातातल्या घड्यांतून राजावर पवित्र पाण्याची धार सोडतायत, आणि मध्ये राजा नाहीच. तिची आकृती कडेकडेने काळजीपूर्वक छिलून काढली आहे, इतकी काळजीपूर्वक की आकार जसाच्या तसा उरलाय. मुकुट, खांदे, एक पाय पुढे. देव अजून पाणी घालतायत, रिकाम्या जागेवर.

हे काम सूडाने पेटलेल्या सावत्र मुलाने ती मेल्याबरोबर केलं, असं पूर्वी सर्रास सांगायचे. आता तारखा जुळवल्यावर वेगळं दिसतं. खोडाखोड त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस सुरू झाली, म्हणजे ती जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर. इतकी वर्षं राग सांभाळून ठेवणारा माणूस विरळा. बहुधा प्रश्न पुढच्या गादीचा होता. आपल्या मुलाच्या, दुसऱ्या आमेनहोतेपच्या वारशात मध्येच एक बाई राजा नको. रागापेक्षा ही फाइल साफ करण्याची वृत्ती मला जास्त भीतिदायक वाटते.

दुपारी खुल्या संग्रहालयात तांबडं देऊळ पाहिलं. हात्शेपसुतने तांबड्या क्वार्टझाइटचं, काळ्या दगडाच्या जोत्यावर बांधलेलं, देवाची होडी ठेवण्याचं छोटं मंदिर. नंतर ते उतरवलं आणि दगड दुसऱ्या बांधकामांत भर म्हणून गेले. प्रवेशद्वारांच्या पोटातून ते शंभरांनी मिळाले आणि अलीकडे पुन्हा जोडले गेले. जोडणाऱ्यांची अडचण अशी की प्रत्येक दगडावर एक स्वतंत्र, पूर्ण चित्र आहे. चित्र एका दगडावरून दुसऱ्यावर सरकतच नाही, मग कोण कुणाशेजारी? पानांचे आकडे नसलेला फर्मा हातात आल्यावर काय होतं ते मला विचारा.

इथे ती बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे. मिरवणुकीत दोन राजे एकामागे एक चालतायत, पोशाख अगदी सारखा. पुढे ती, मागे तिसरा थुतमोस. चित्रावरून कोण कोण ते कळणार नाही, नावं वाचावी लागतात. आणि इथे मला बदक सापडलं. बदक, सूर्य आणि मध्ये पालथी वाटी. मी बोट दाखवलं तर गाइडने टाळी दिली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर मजकूर एकसारखा नाही. कुठे ‘पुत्र’, कुठे ‘कन्या’, कुठे ‘तो’, कुठे ‘ती’. नेहमीच्या राजांच्या नावात ‘बलवान बैल’ असतं, ते मात्र तिने गाळलंच. आमच्याकडे असं हस्तलिखित आलं असतं तर मी समासात लिहिलं असतं, ‘एक काहीतरी ठरवा’.

सहावा दिवस : देर अल-बाहरी

सकाळी होडीने पलीकडे. कड्याच्या पायथ्याशी तीन मजली ओट्यांचं देऊळ, एकावर एक खांबांच्या ओळी, मधून चढणारा उतार. फोटोत ते आधुनिक सरकारी इमारतीसारखं दिसतं. समोर उभं राहिल्यावर कळतं की खांबांच्या उभ्या रेघा म्हणजे मागच्या कड्याच्याच चिरा, पुढे आणून सरळ केलेल्या. शेजारी मेंतुहोतेप राजाचं सुमारे पाचशे वर्षांनी जुनं देऊळ आहे. ओट्यांची कल्पना तिथली, पण नेटकेपणा हिचा. तिने त्याला ‘जेसेर-जेसेरू’ नाव दिलं, पवित्रांतलं पवित्र. आजचं अरबी नाव म्हणजे ‘उत्तरेकडचा मठ’, नंतर इथे ख्रिस्ती साधू राहायचे त्यावरून. १९६१ पासून पोलंडचे तज्ज्ञ इजिप्तच्या लोकांबरोबर इथे दगड जुळवतायत.

मधल्या ओट्यावर डावीकडे पुंतची सफर कोरली आहे. तिच्या नवव्या वर्षी पाच जहाजं तांबड्या समुद्रातून दक्षिणेला गेली. पुंत म्हणजे आजच्या इरिट्रिया-सुदानकडचा मुलूख असावा. खांबांवर उभारलेल्या झोपड्या, चढायला शिड्या, खाली पाण्यात मासे, कासवं, शेवंडं. मासे इतके तंतोतंत की तांबड्या समुद्रातल्या जाती ओळखता येतात. लढाई नाही, कापलेली मुंडकी नाहीत. टोपल्यांत मुळासकट झाडं घालून काठ्यांवरून नेतायत, एकतीस जिवंत झाडं. त्यांचा डिंक म्हणजे बहुधा हिराबोळ. माझ्या आजीच्या बाळंतिणीच्या बटव्यातला! देवापुढे जाळायला आणि प्रेतं टिकवायला तो लागे. विकत घेऊन परवडेना म्हणून हिने झाडंच आणली. हा व्यवहारीपणा मला फार आवडला.

पुंतचा राजा पाराहू आणि त्याची बायको आती यांचा मूळ दगड कैरोत आहे, तो पहिल्या दिवशी पाहिला होता. आती प्रचंड लठ्ठ, दंडांवर वळ्या. जवळच एक गाढव आणि त्यावर मजकूर, ‘त्याच्या बायकोला वाहून नेणारं गाढव’. शिल्पकार हसला असेल की नुसती नोंद केली असेल, सांगता येत नाही. गाढवाबद्दल मात्र त्याला सहानुभूती होती.

उजवीकडच्या ओसरीत तिच्या जन्माची कथा. आमुन देव राजाच्या रूपात तिच्या आईकडे, आहमोसकडे येतो. मग मेंढ्याच्या तोंडाचा ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर बाळ घडवतो. आपण थेट देवाची संतती, असा दावा. इथेही तिच्या आकृत्या खरवडल्या आहेत.

तिचा कारभारी सेनेनमुत सामान्य घरातला, नेफेरुरेचा शिक्षक. बांधकामांवर त्याची देखरेख. त्याने आतल्या कोनाड्यांत दारामागे स्वतःच्या छोट्या आकृत्या कोरून घेतल्या, दार उघडलं की झाकल्या जातील अशा. दोघांमध्ये काही होतं का, हे गाइड डोळे मिचकावत सुचवतातच. आमच्या गाइडने सुचवलं नाही, म्हणून त्याला मनातल्या मनात दहा गुण जास्त.

या आवारातले तिचे पुतळे फोडून खड्ड्यांत टाकले होते. विसाव्या शतकात १९२० च्या दशकात ते हजारो तुकड्यांत निघाले, आणि जोडलेले काही आज न्यूयॉर्कमध्ये, काही कैरोत आहेत. अलीकडचे अभ्यासक म्हणतात की बरेच पुतळे मान, कंबर आणि गुडघे अशा ठरावीक जागी तोडले आहेत. म्हणजे तो राग नसून जुन्या राजाच्या मूर्तीतली शक्ती काढून घेण्याचा रिवाज असावा.

वरच्या ओट्यावर गाइड एका भिंतीपाशी थांबला. कार्तूशमधलं तिचं नाव छिलून तिथे थुतमोस कोरला होता, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. ‘‘आता पुढे वाचा,’’ तो म्हणाला. दोरीच्या अलीकडून मी मान पुढे काढली. पुढे, शब्दाच्या शेवटी, पालथी वाटी. नाव बदलणाऱ्याने पुढचं वाक्य तपासलं नव्हतं.

शांपोलियाँने पाहिली ती हीच असेल असं नाही. अशा जागा इथे अनेक आहेत. माझ्यापुरती हीच. मी किती वेळ उभी होते कोण जाणे, भाचीने पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा भानावर आले.

‘‘मावशी, तू असतीस तर ही वाटी काढली असतीस?’’

‘‘पगार चालू असता तर काढली असती,’’ मी म्हटलं. खरं तेच.

सातवा दिवस : राजांची दरी

तिचं थडगं कड्याच्या पलीकडच्या बाजूला आहे, देवळाच्या जवळजवळ पाठीला पाठ लावून. आत जाता येत नाही. दोनशे मीटरहून लांब वळणावळणाचा भुयारी मार्ग, खडक भुसभुशीत. आत दोन शवपेट्या मिळाल्या. एक तिची, ती कैरोत. दुसरीही मुळात तिचीच, पण तिने नाव बदलून वडिलांना दिली. ती आता बॉस्टनमध्ये. म्हणजे खोडून दुसरं नाव घालण्याचं काम घरात तिनेही केलं होतं.

राजांची अधिकृत यादी अबिडोसच्या देवळात कोरली आहे, ७६ नावांची. तिच्यात ही नाही. पण त्यानंतर हजार वर्षांनी मानेथो नावाच्या इजिप्शियन पुरोहिताने ग्रीकमध्ये इतिहास लिहिला, त्यात एक राणी उरलीच, कारकीर्द २१ वर्षं ९ महिने. काळाचा हिशेब लागायचा तर ती वर्षं कुणाच्या तरी नावावर मांडायलाच हवीत.

बंद फाटकासमोर भाचीने माझा फोटो काढला. मागे पिवळा कडा, वर घारी. गाडीत बसल्या बसल्या तिने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘अखेर राजा भेटली’.

माझी थोरली बहीण साताऱ्याला चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाली. दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं.

‘*भेटला. आणि मावशीने हे वाचलं नाही का?’